लिंबू पिळलं, पण रक्त वाढलं का?

मंडळी, आज आपण ताटापासूनच सुरुवात करू. बारामती-इंदापूरकडं बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि वर चहा. या ताटात लोह आहे, पण धान्यातलं फायटेट आणि चहातलं टॅनिन त्याला धरून ठेवतात. क जीवनसत्त्व फेरिक लोहाचं फेरस करतं. ते विरघळलेलं राहतं आणि आतडं ते शोषून घेतं. एकेका जेवणावर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसतं.

आता प्रश्न असा, की शोषण वाढलं म्हणून रक्त वाढलं, असं अनुमान आपण काढायचं का? शांघायच्या ४४० रुग्णांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसती लोहाची गोळी, दुसऱ्याला सोबत २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. दोन आठवड्यांत दोन्ही गटांत हिमोग्लोबिन साधारण २ ग्रॅमनं वाढलं. आठ आठवड्यांनी फेरिटिनमध्येही सांगण्याजोगा फरक नव्हता. यात नवल नाही. गोळीतलं लोह बहुधा आधीच फेरस असतं, आणि भरपूर असतं. म्हणजे लिंबाचं काम ताटात, गोळीपाशी फारसं नाही.

न्यायदर्शनात सव्यभिचार हेतू म्हणतात, तो इथं भेटतो. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं. पण हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून लोहच कमी, असं नाही. बी-१२ची कमतरता असेल, थॅलेसेमिया असेल. लोहाचा साठा दाखवतं ते फेरिटिन. निरोगी प्रौढात १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेलं, तर साठा रिकामा. पण अंगात ताप, जंतुसंसर्ग असला की तेच फेरिटिन चढतं आणि रिकामी कणगी भरलेली भासते. म्हणून सोबत सीआरपी बघावं लागतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय आढळला. उसाच्या फडात राबणाऱ्या गरोदर बाईनं मग कुठं खर्च करावा? सरकारी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड, रोज १८० दिवस, फुकट मिळते. ती चुकवू नये. क जीवनसत्त्वाच्या वेगळ्या गोळीपेक्षा जेवणाबरोबर इंदापुरी पेरूची फोड बरी, आणि चहा तासाभरानं. उरले पैसे तर ते तपासणीला द्यावेत. थॅलेसेमिया असेल, तर डॉक्टरांना न विचारता ना लोह घ्यावं, ना क. कारण कळल्याशिवाय उपाय, हे आपल्या शास्त्रात बसत नाही आणि त्यांच्याही नाही.