आधी मोजा, मग बदला

दुचाकीच्या गॅरेजमधली निम्मी विद्या कार्बोरेटरभोवती जमलेली होती. जेट साफ करायचा, फ्लोटची पातळी बघायची, हवेचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत कान लावायचा आणि गाडीचा स्लो बसला की हात पुसायचे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाडीच्या धुराचे नवे निकष लागू झाले, तेही बीएस-५ चा टप्पा गाळून. पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, हे आता सेन्सरांचं ऐकून ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो. मग इतकी वर्षं कानावर गाड्या ट्यून करणाऱ्या मेस्त्रींनी काय करायचं?

सांगलीत गॅरेजवाल्यांसाठी भरलेल्या एका प्रशिक्षणात बसून मी याचं उत्तर पाहिलं. स्पेअर पार्टच्या एका दुकानदाराने ते रात्री ठेवलं होतं, कारण दिवसा शटर ओढलं की त्या दिवसाची कमाई बुडते. मधोमध स्टँडवर एक मोटरसायकल, शेजारी स्कॅनर आणि मल्टिमीटर. शिकवणारा स्वतः गॅरेजमध्ये वाढलेला. फळ्यापेक्षा गाडीकडे त्याचा ओढा जास्त.

पहिल्यांदा त्याने सगळ्यांचे टेस्ट लॅम्प बाजूला ठेवायला लावले. वायरीत करंट आहे का, हे बल्ब लावून बघण्याची सवय जुनी आहे. पण बल्ब पेटण्यासाठी जेवढा करंट ओढतो, तेवढा सेन्सरच्या वायरीला झेपत नाही. महागडा ईसीयू त्यात जळू शकतो. म्हणून इथे मल्टिमीटरच हवा. मग थ्रॉटलच्या सेन्सरची पाळी आली. त्याच्या तीन वायरी: एकीत पाच व्होल्ट, एक अर्थिंगची, तिसरीतून निरोप जातो. एकेकाने मूठ अगदी सावकाश पिळायची आणि मीटर वाचायचं. आकडा अर्ध्या-पाऊण व्होल्टपासून चारच्या आसपास न अडखळता चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, तर मुठीच्या नेमक्या त्या जागी गाडी झटका देते. मागून एकजण म्हणाला, "म्हणजे गिऱ्हाईक 'मध्येच दचकते' म्हणतंय, ते हेच!" त्यानंतर मीटरभोवती गर्दी वाढली.

खरी परीक्षा पुढे होती. शिकवणाऱ्याने गाडीत मुद्दाम एक बिघाड करून ठेवला होता. स्कॅनर सांगत होता, मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज खाली चिकटून बसला होता. दोन तरुण मेकॅनिक लगेच म्हणाले, सेन्सर बदला. एक वयस्क मेस्त्री मात्र स्कॅनरकडे न बघता इंजिनाजवळ वाकले. "सर, स्लो वर-खाली होतोय बघा. कुठनं तरी हवा घेतोय."

"काका, मग स्प्रे मारा."

त्यांनी थ्रॉटल बॉडी आणि हेडच्या मधल्या रबराजवळ कार्ब क्लीनर मारला आणि इंजिनाचा आवाज क्षणात बदलला. क्लॅम्प ढिला होता. तो आवळल्यावर सेन्सरचा व्होल्टेज पुन्हा ०.१ ते ०.९ मध्ये हेलकावू लागला.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. थ्रॉटलला चुकवून जादा हवा आत शिरली होती आणि सेन्सर तेच खरेपणाने सांगत होता. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर कोणी बदलत नाही. स्कॅनरवरचा कोड लक्षण सांगतो. कारण शोधायचं काम माणसाचंच राहतं. काकांच्या कानाने संशयाची जागा दाखवली, मीटरने तो संशय पक्का केला. नव्या गाडीला ही दोन्ही कौशल्यं एकत्र लागतात.

म्हणूनच हे प्रशिक्षण मला मोलाचं वाटलं. समोरच्यांना काहीच येत नाही, असं धरून ते सुरू झालं नाही. सरकारच्या कौशल्य योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र प्रमाणपत्राने मीटर वाचता येत नाही. त्यासाठी उघडी गाडी, मुद्दाम केलेले बिघाड, मराठीत समजावलेली वायरिंगची आकृती आणि पुन्हा पुन्हा चुकायला मोकळीक लागते. एप्रिल २०२३ पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः हेरण्याचे नियम आणखी कडक झाले. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला हे शिकायचं आहे. फक्त त्याच्या वेळेला आणि त्याच्या भाषेत शिकवणारे हवेत. आयटीआयमध्ये तयार कार्यशाळा आहेत. त्या संध्याकाळनंतर या मेस्त्रींसाठी उघडाव्यात.

यात आपलाही वाटा आहे. आपण पार्टचे पैसे बिनतक्रार देतो, पण तासभर खपून नुसता क्लॅम्प आवळणाऱ्याला मजुरी द्यायची म्हटली की घासाघीस करतो. अशाने पार्ट बदलणाराच टिकेल आणि दोष शोधणारा मागे पडेल. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात, तर पार्ट बदलण्याआधी मोजून दाखवायला सांगा, आणि दोष शोधण्याची मजुरी मनापासून द्या.