पूरनियोजनात कृत्रिम बुद्धिमत्तेची उपयुक्तता : नाशिक शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
गोदाकाठी वसलेल्या नाशिक शहरात पूर मोजण्याचे लोकमान्य माप म्हणजे रामकुंड परिसरातील दुतोंड्या मारुती होय. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नदीकाठचे व्यापारी व रहिवासी पुराचा अंदाज बांधत आले आहेत. मात्र हे माप पाणी आल्यानंतरच बोलते. २००८, २०१६ व २०१९ च्या पुरांनी ही मर्यादा प्रकर्षाने दाखवून दिली. पाणी येण्यापूर्वी काही तास सूचना मिळण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता कितपत साहाय्यभूत ठरू शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नाशिकच्या पुराचे स्वरूप :
शहराच्या वरच्या बाजूस गंगापूर धरण आहे. ते मुख्यतः सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी असल्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते भरलेले ठेवणे क्रमप्राप्त ठरते. अशा वेळी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात अतिवृष्टी झाल्यास येणारे पाणी नदीत सोडावेच लागते. दुसरीकडे नासर्डी (नंदिनी) व वाघाडी (वरुणा) या उपनद्या धरणाच्या खालच्या बाजूस गोदावरीला मिळतात. म्हणजेच नाशिकचा पूर हा धरणाचा विसर्ग आणि शहरातील पाऊस या दोहोंची बेरीज असतो. वाढत्या काँक्रीटीकरणामुळे यातील दुसरा घटक अधिक वेगवान झाला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची कार्यपद्धती :
पारंपरिक जलशास्त्रीय प्रतिमाने उतार, माती व प्रवाह यांच्या समीकरणांवर आधारलेली असतात. कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र पूर्वीचा पाऊस व प्रवाह यांच्या नोंदींतून संबंध शिकते. १९९७ मध्ये मांडली गेलेली ‘एलएसटीएम’ ही पद्धत यासाठी विशेष उपयुक्त ठरली. कारण ती आधीच्या नोंदी ‘स्मरणात’ ठेवते. खोऱ्यालाही अशीच स्मृती असते. जुलैत भिजलेली जमीन ऑगस्टच्या पावसाचे पाणी अधिक प्रमाणात वाहून जाऊ देते.

गूगल कंपनीने २०१८ मध्ये पाटणा येथे पूर-इशाऱ्यांचा प्रारंभ केला. तिच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५,६८० प्रवाहमापन केंद्रांच्या नोंदी वापरल्या होत्या. मापन केंद्र नसलेल्या खोऱ्यांतही पाच दिवस आधीचा अंदाज हा प्रचलित जागतिक प्रणालीच्या त्याच दिवसाच्या अंदाजाइतका विश्वसनीय असू शकतो, असे त्यातून दिसून आले. तथापि, नासर्डीसारख्या लहान प्रवाहाचा पूर दिवसांचा नव्हे, तर तासांचा असतो. त्यासाठी तासागणिक नोंद करणारी पर्जन्यमापके व जलपातळी-संवेदक आवश्यक आहेत. नोंदीच नसतील तर यंत्र शिकणार कशावरून, हा मूलभूत प्रश्न आहे.

मर्यादा व उत्तरदायित्व :
महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. या रेषांचा आधार भूतकाळातील नोंदी हा असतो. पाऊसमान व बांधकामे बदलत असल्याने त्यांचे वेळोवेळी पुनरावलोकन आवश्यक ठरते. संगणकीय प्रतिमान हे काम शीघ्र करू शकेल. परंतु रेषा सरकली की कोणाचा तरी भूखंड प्रतिबंधित क्षेत्रात जातो. तो निर्णय यंत्राचा असू शकत नाही.

इशाऱ्याच्या बाबतीतही हेच लागू पडते. इशारा वारंवार चुकला, तर व्यापारी माल हलविणार नाहीत. तो एकदाच हुकला, तर जीवितहानी संभवते. या दोन चुकांपैकी कोणती अधिक सोसायची, हे उत्तरदायी यंत्रणेनेच ठरविले पाहिजे. तसेच उपनद्यांकाठच्या झोपडपट्ट्यांचे नकाशे केवळ अतिक्रमण हटविण्यासाठी वापरले गेले, तर तेथील रहिवाशांचा इशाऱ्यावरील विश्वास उडेल. ज्यांना सूचनेची सर्वाधिक गरज आहे, तेच मग तिच्यापासून दूर राहतील.

निष्कर्ष :
नाशिकमध्ये ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. जलविज्ञान प्रकल्पाचे कार्यालयही याच शहरात असल्याने अभ्यासाची पायाभूमी उपलब्ध आहे. २०२७ च्या सिंहस्थातील प्रमुख स्नानपर्वे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात येत असल्याने या विषयाला तातडीचे महत्त्व आहे. धरणातील आवक, विसर्ग व उपनद्यांची पातळी यांच्या नोंदी एकत्र व खुल्या ठेवणे ही पहिली पायरी होय. प्रतिमानाची निवड ही त्यानंतरची. दुतोंड्या मारुतीची खूण प्रत्येक नाशिककराला समजते. नव्या तंत्राचा इशाराही तितकाच सुबोध असला, तरच तो गोदाघाटापर्यंत वेळेत पोहोचेल.