सागवानी दाराला उन्हाळ्याआधी तेल

अनेक गावांत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेले जुने दार मग राखाडी पडते. त्याला कारण नुसती उष्णता नाही. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन तोडतात आणि पावसाचे पाणी ते धुऊन नेते.

पारदर्शक वार्निश इथे फार काळ टिकत नाही. तडकते, पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा जवसाचे उकळलेले तेल बरे. रंगाच्या दुकानात ते ‘बेलतेल’ म्हणून मिळते. त्यात थोडा गेरू कालवा. गेरूतले लोहाचे ऑक्साइड ऊन अडवते.

आधी पॉलिश पेपरने राखाडी थर काढा, धूळ पुसा. सावलीच्या वेळी पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून घ्या, नाहीतर दार महिनाभर चिकट राहील. फळीची टोके आणि उंबऱ्यालगतची कड दोनदा माखा, पाणी तिथूनच शिरते.

तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा, मगच फेका.