पहिल्या डब्याची जागा (जिओकॅशिंग लेखमाला : लेखांक सहावा)

उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करून लपवलेला डबा शोधण्याच्या जिओकॅशिंग या मैदानी खेळात लपवणारा आणि शोधणारा अशा दोन भूमिका असतात. लपवणारा पाणी न शिरणाऱ्या डब्यात नोंदवही ठेवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर करतो. शोधणारा मोबाइलच्या आधारे तेथे पोहोचतो, नोंदवहीत नाव व तारीख लिहितो आणि डबा होता तसा परत ठेवतो. आतापर्यंतच्या लेखांकांत शोधणाऱ्याच्या बाजूचा विचार झाला; या लेखांकापासून लपवणाऱ्याची बाजू सुरू होते. निदान वीस डबे शोधल्याशिवाय स्वतःचा पहिला डबा लपवू नये, असा सल्ला या खेळात दिला जातो, आणि त्यामागचे कारण जागेच्या निवडीशीच निगडित आहे. शोधण्याचा अनुभव नसलेला माणूस जागेकडे केवळ लपवणाऱ्याच्या नजरेने पाहतो. त्याला झाडाची ढोली किंवा दगडांमधील फट दिसते आणि जागा मिळाली असे वाटते. शोधणारा मात्र त्या ढोलीपाशी थेट पोहोचत नाही. तो त्या ढोलीच्या भोवतालच्या परिसरात पोहोचतो, आणि जागेची पारख करायची असते ती या परिसराची.

हा परिसर केवढा असतो, याचा हिशेब मांडता येतो. या खेळात अक्षांश-रेखांश अंश व मिनिटे यांत लिहितात आणि मिनिटाच्या दशांशचिन्हानंतर तीन अंक देतात. अक्षांशाचे एक मिनिट जमिनीवर सुमारे १,८५० मीटर भरते, त्यामुळे तिसऱ्या अंकात एकाचा फरक पडला तर जागा १.८५ मीटर सरकते. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकींच्या जवळ येत असल्याने रेखांशाच्या बाबतीत हेच अंतर पुण्याच्या अक्षांशावर सुमारे १.७५ मीटर होते. कागदावर आकडा असा दोन पावलांइतका नेमका दिसत असला, तरी मोबाइलमधील जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटर इकडेतिकडे होऊ शकते. ही चूक लपवणाऱ्याच्या मोजणीत असते, तशीच ती शोधणाऱ्याच्या मोजणीतही असते; दोघांच्या चुका विरुद्ध दिशांना पडल्या, तर शोधणारा डब्यापासून १० मीटर दूर उभा राहून डबा पायाशीच आहे असे समजतो. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठ्यांहून किंचित अधिक भरते. लपवणारा एक बिंदू जाहीर करतो आणि शोधणारे तीन गुंठे जमीन धुंडाळतात, ही गोष्ट जागा निवडताना पहिल्यांदा ध्यानात घ्यावी लागते.

या खेळाचा जन्मही वर्तुळाचे आकारमान घटल्यामुळेच झाला. जीपीएसच्या नागरी वापरासाठीच्या संदेशांत अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, आणि त्यामुळे दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ जवळजवळ आठ एकरांचे होते, आणि आठ एकरांत डबा शोधणे हा खेळ होऊ शकत नाही. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या पहिल्या दोन दिवसांत ही चूक मिसळणे बंद झाले आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक या गावाजवळ काळी प्लास्टिकची बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांच्या आत ती बादली सापडली. तिच्यात इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा डबाबंद टिनही होता आणि ती जमिनीत अर्धवट पुरलेली होती. आजच्या नियमांनुसार डब्यात खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत, कारण वासाने प्राणी डबा फोडतात. आणि जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीवाचून लपवण्यासाठी जमीन खणताही येत नाही, कारण खणलेल्या एका डब्यामागे शोधणारे दहा ठिकाणी माती उकरू लागतात. म्हणजे ज्या बादलीने खेळाची सुरुवात झाली, ती बादली आज दोन कारणांनी नाकारली गेली असती, आणि त्यांपैकी दुसरे कारण हे वर्तुळाचेच आहे.

वर्तुळ सर्वत्र सारखे नसते. उपग्रहाकडून येणारा संदेश उंच इमारतीवर किंवा कड्यावर आपटून परावर्तित झाला, तर तो लांबच्या वाटेने पोहोचतो व यंत्राला उपग्रह प्रत्यक्षापेक्षा दूर असल्याचे वाटते. दाट झाडीत संदेश क्षीण होतो, आणि अरुंद घळीत आकाशाची चिंधीच दिसत असल्याने पुरेसे उपग्रह नजरेच्या टप्प्यात येत नाहीत. अशा ठिकाणी दोघांच्या चुका मिळून २० मीटरपर्यंत गेल्या, तर त्रिज्या दुप्पट होते पण क्षेत्रफळ चौपट होते, आणि तीन गुंठ्यांचे साडेबारा गुंठे होतात. म्हणून पहिल्या डब्यासाठी सह्याद्रीच्या कड्याचा पायथा किंवा शहरातील दोन टॉवरांमधील बोळ टाळून, आकाश मोकळे दिसेल अशी जागा घ्यावी. निवडलेल्या जागी एकदाच मोजणी करून भागत नाही. उपग्रहांच्या जागा सतत बदलत असतात, म्हणून वेगवेगळ्या दिवशी व वेगवेगळ्या वेळी मोजणी करून तिची सरासरी काढावी, आणि नंतर दूरवरून त्या आकड्यांच्या आधारे चालत येऊन पाहावे. स्वतःची मोजणी स्वतःलाच भलतीकडे नेत असेल, तर ती जागा सोडून द्यावी.

वर्तुळाची मर्यादा कळल्यावर त्या वर्तुळात काय आहे, हा प्रश्न उभा राहतो. डबा निरुपद्रवी ठिकाणी असला तरी शोधणाऱ्यांचे हात आणि पाय त्याच्या आसपासच्या प्रत्येक गोष्टीवर पडतात. ब्रिटनमध्ये चुना-सिमेंट न वापरता केवळ दगडांवर दगड बसवून रचलेल्या शेतांच्या जुन्या भिंतींमध्ये डबे लपवू नयेत असा नियम आहे, कारण डबा शोधताना लोक एकेक दगड उपसून पाहतात आणि भिंत ढासळते. महाराष्ट्रातील गडांचे अनेक तट आणि बांध याच प्रकारच्या रचनेचे आहेत. गडावरील दगड सैल दिसला म्हणून तो हलवण्याजोगा ठरत नाही. शिवाय रायगड, शिवनेरी यांसारखे गड संरक्षित स्मारके असून अशा स्मारकाची हानी करणे हा १९५८ च्या कायद्यानुसार दंडनीय गुन्हा आहे. कोकणातील व सातारा जिल्ह्यातील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवर, खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि पावसाळ्यात त्यावर उगवणाऱ्या रानफुलांच्या जाती पायांखाली तुडवल्या गेल्यास टिकत नाहीत. तेथे तीन गुंठ्यांचे वर्तुळ म्हणजे तीन गुंठे तुडवलेली फुले. देवराईच्या बाबतीत ग्रामस्थांची श्रद्धा हेच नकाराचे पुरेसे कारण मानले पाहिजे.

शोधणाऱ्याची सुरक्षितता हाही याच प्रश्नाचा भाग आहे. आत दिसत नाही अशा बिळात किंवा दगडांच्या राशीत हात घालायला लावणारी जागा महाराष्ट्रात धोक्याची असते. फुरसे हा आकाराने लहान पण अत्यंत विषारी साप दगडांखाली व कपारींत राहतो आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो मोठ्या संख्येने आढळतो. कड्यावर आग्या मोहोळ असेल, तर त्याखाली माणसे घुटमळत राहणे हेच संकटाला आमंत्रण ठरते. म्हणून डबा छातीच्या उंचीच्या आसपास, आत काय आहे ते हात घालण्यापूर्वी दिसेल अशा ठिकाणी असावा, हा पहिल्या डब्यापुरता तरी पक्का दंडक ठेवावा.

यानंतर जमीन कोणाची, हा प्रश्न येतो. मोकळे रान दिसले म्हणजे ते बिनमालकीचे असते असे नाही. सातबाराच्या उताऱ्यावर त्याला कोणीतरी मालक असतोच, आणि गायरान असेल तर ग्रामपंचायतीशी बोलावे लागते. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात समितीची, महापालिकेच्या उद्यानात उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते. अभयारण्यात प्रवेशच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नियंत्रित केलेला आहे, त्यामुळे वन विभागाच्या संमतीशिवाय तेथे डबा ठेवण्याचा विचारही करता येत नाही. अमेरिकेतही राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवाचून डबे ठेवू दिले जात नाहीत. अशा ठिकाणांसाठी या खेळातच एक पर्याय आहे : २००४ पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या सहकार्याने ‘अर्थकॅश’ हा बिनडब्याचा प्रकार चालवला जातो, ज्यात शोधणारा भूरूपाचे निरीक्षण करून लपवणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवतो. निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे किंवा बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले लोणारचे विवर ही स्थळे या प्रकाराला साजेशी आहेत. तेथे काही ठेवायचे नसल्याने काही उकरलेही जात नाही.

वर्तुळात माणसेही असतात. या खेळाशी संबंध नसलेल्या लोकांना खेळाडू हॅरी पॉटरच्या कथांतील शब्द वापरून ‘मगल’ म्हणतात, आणि मगलांच्या नजरेस पडू न देता डबा काढणे हा खेळातील गमतीचा भाग मानला जातो. परंतु सतत वर्दळीच्या ठिकाणी ही गंमत संशयाचे रूप घेते. रेल्वे स्थानकांवर बेवारस वस्तूंबाबत सावध राहण्याच्या सूचना दिवसभर ऐकणाऱ्या नागरिकाला खांबामागे चिकटवलेला डबा दिसला, तर तो पोलिसांना कळवणार, आणि त्याचे ते वागणे योग्यच असणार. म्हणून रेल्वेमार्ग, विमानतळ, धरणे, पूल आणि लष्करी हद्द यांच्या आसपास डबा ठेवू नये. शाळा आणि मुलांच्या खेळाची मैदाने यांच्याजवळही तो नको, कारण तेथे अनोळखी प्रौढ माणूस झुडपांत वाकून काही शोधतो आहे हे दृश्य कोणत्याही पालकाला अस्वस्थ करील. डबा शक्यतो पारदर्शक असावा आणि त्यावर तो कशाचा आहे हे मराठीत ठळकपणे लिहिलेले असावे.

जागा वर्षभर तीच राहत नाही, हे विशेषतः महाराष्ट्रात विसरून चालत नाही. मार्चमध्ये कोरडा दिसणारा ओढा जुलैत डबा वाहून नेतो. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे होते आणि शोधणाऱ्यांना ते झोडपून वाट काढावी लागते. उन्हाळ्यात त्याच गवताला वणवा लागला तर प्लास्टिकचा डबा वितळून जातो. म्हणून जागा निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा डोळ्यांसमोर आणून पारखावी. पावसाळ्यानंतर नोंदवहीला बुरशी येते, झाकणाची रबरी कडी सैल होते, आणि ती बदलण्याची जबाबदारी कायमस्वरूपी लपवणाऱ्याची असते. यामुळेच प्रवासात आवडलेल्या दूरच्या गावी डबा ठेवून परत येणे नियमांना मान्य नाही. पहिला डबा घरापासून सायकलीने किंवा बसने सहज जाता येईल अशा अंतरावर असावा.

तांत्रिक अट एकच उरते, ती अंतराची. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर असावे लागते. अन्यथा एकाचा शोध घेणारा दुसऱ्याचा डबा काढून त्यातील नोंदवहीत सही करतो. कोडे सोडवल्यावरच खरी जागा कळणाऱ्या डब्यांचे ठिकाण नकाशावर दिसत नसल्याने जागा रिकामी आहे की नाही, हे परीक्षकाकडे आधीच विचारून घ्यावे. हे परीक्षक स्वयंसेवक असतात आणि प्रत्येक डबा त्यांच्या मान्यतेनंतरच प्रसिद्ध होतो. मात्र ते नकाशा आणि लपवणाऱ्याने दिलेली माहिती पाहून निर्णय देतात. वर्तुळातील फुले, फुरशी आणि सैल दगड त्यांना दिसत नाहीत. त्यांची मान्यता मिळाली म्हणून जागा चांगली ठरत नाही.

या सर्व अटी पार करणाऱ्या जागा पुष्कळ निघतात, आणि त्यांतून एक निवडण्याची कसोटी साधी आहे : डबा सापडला नाही तरी तेथवर येणे सार्थकी लागेल का? दुर्लक्षित पुष्करिणी, जुना वटवृक्ष, गावाबाहेरची वीरगळ किंवा नदीचे वळण दिसणारी टेकडी यांच्या अंगावर नव्हे, तर त्यांच्यापासून सुरक्षित अंतरावर, वाटेलगत ठेवलेला साधा डबा हा अवघड जागी हुशारीने लपवलेल्या डब्यापेक्षा अधिक चांगला असतो, कारण त्यामागे दाखवण्यासारखे काही असते. पुढील लेखांकात डब्याचा आकार, नोंदवही आणि अवघडपणाची १ ते ५ ही श्रेणी यांचा विचार होईल. तोपर्यंत वाचकांनी डबा विकत न घेता, मनात असलेल्या एका जागी जाऊन दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ पावलांनी मोजावे, त्यातील प्रत्येक गोष्टीची यादी करावी, आणि शंभर अनोळखी माणसांचे हात लागल्यावर त्या यादीतील काय शिल्लक राहील याचे प्रामाणिक उत्तर लिहून ठेवावे.