जुनं नाव ओठांवर

पन्नास वर्षांच्या संसारानंतर आजोबा आजीला भलत्याच नावानं हाक मारतात आणि घर गप्प होतं. मंडळी, ही बेइमानी नव्हे. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर आकसतो. नव्या आठवणी तिथेच रुजतात, म्हणून सकाळचा चहा विसरतो. विशीतलं प्रेम मात्र केव्हाच पक्कं झालेलं असतं, ते उशिरापर्यंत तगतं. आमच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर आले, तरी म्हातारी माणसं पत्ता जुन्या खुणांनीच सांगतात, तसं.

‘अस्तु’ या २०१३च्या चित्रपटात मोहन आगाशेंनी साकारलेले शास्त्री माहुताच्या बायकोला आई समजतात. ती वाद घालत नाही, जेवू घालते. आजीला हे सोपं नाही. तिचा जीव तुटतो. म्हणून आधी मुलांनी तिच्याजवळ बसावं. आजोबांची उलटतपासणी नको. प्रसंग विसरला, तरी मिळालेला जिव्हाळा मनात रेंगाळतो.