मेंदूच्या अभ्यासासाठी संगणकातला संगणक

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या आत केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर उभा केलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असते. मात्र हे सगळे खऱ्या संगणकाच्या साधनांतून काढून दिलेले हिस्से असतात. ही वाटणी करणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरवायझर म्हणतात, खऱ्या संगणकाला होस्ट आणि आतल्याला गेस्ट. होस्टवर विंडोज असताना गेस्टवर लिनक्स चालवता येते आणि गेस्टमध्ये काही बिघडले तरी होस्ट सहसा शाबूत राहतो.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात तिचे प्रयोग केले आणि १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. खोलीभर पसरलेल्या एकाच यंत्रावर अनेक जण आपापला स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे काम करू लागले. टेबलावरच्या संगणकांसाठी व्हीएमवेअर १९९९ मध्ये आले. २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच या कामासाठी सोय केली आणि २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळू लागले. त्यानंतर ही गोष्ट विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आली.

मेंदूविज्ञानाला व्हर्च्युअल मशीनची गरज पडते ती तिथल्या सॉफ्टवेअरच्या घडणीमुळे. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेले एफएसएल, बोस्टनच्या मार्टिनोस सेंटरचे फ्रीसर्फर, रॉबर्ट कॉक्स यांनी १९९४ पासून विकसित केलेले एएफएनआय ही मेंदूच्या एमआरआय चित्रांचे विश्लेषण करणारी प्रमुख साधने लिनक्स आणि मॅकसाठी लिहिलेली आहेत. घरोघरच्या विंडोजवर ती थेट चालत नाहीत. शिवाय प्रत्येक साधनाला ठरावीक आवृत्तीच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, लागतात. एकासाठी केलेला बदल दुसऱ्याला बंद पाडतो. ही गुंतागुंत सोडवण्यासाठी मायकेल हांके आणि यारोस्लाव हालचेन्को यांनी न्यूरोडेबियन हा प्रकल्प उभारला. डेबियन लिनक्सवर अशी साधने एकमेकांशी जुळतील अशी बांधून द्यायची आणि ज्यांच्याकडे लिनक्स नाही त्यांच्यासाठी तयार व्हर्च्युअल मशीनही पुरवायचे, अशी ही योजना होती.

तरीही सोय हे व्हर्च्युअल मशीनचे खरे महत्त्व नव्हे. फ्रीसर्फर एमआरआय चित्रातून मेंदूचा करडा भाग पांढऱ्यापासून वेगळा करते, सरासरी अडीच मिलिमीटरच्या आसपास असलेली बाह्यकाची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी मोजते आणि आतल्या भागांचे आकारमान काढते. २०१२ साली ग्रोनेनशिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच चित्रे फ्रीसर्फरच्या ४.३.१, ४.५.० आणि ५.०.० या तीन आवृत्त्यांतून काढून पाहिली. आकारमानाच्या आकड्यांत सरासरी ८.८ टक्के आणि जाडीच्या आकड्यांत २.८ टक्के फरक पडला. फ्रीसर्फरची आवृत्ती तीच ठेवून फक्त संगणक बदलला, किंवा मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टमची आवृत्ती १०.५ वरून १०.६ केली, तरी याच्या साधारण निम्मा फरक दिसला. अल्झायमरच्या रुग्णात स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग वर्षाला सुमारे साडेचार टक्क्यांनी आक्रसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते. पहिल्या वर्षीचे चित्र एका संगणकावर आणि दुसऱ्या वर्षीचे दुसऱ्यावर मोजले, तर दिसणारा फरक आजाराचा की यंत्राचा, हे सांगणे अवघड होते.

हा फरक येतो कुठून, याचा माग ग्लाटार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये काढला. ऑपरेटिंग सिस्टमबरोबर येणाऱ्या गणिती लायब्ररींमध्ये घातांक, साइन, कोसाइन अशा फलनांची उत्तरे दशांशाच्या शेवटच्या स्थानी किंचित वेगळी निघतात. एका बेरजेत हे जाणवत नाही. मेंदूच्या चित्रावर मात्र हजारो पायऱ्यांचे गणित चालते, प्रत्येक पायरी आधीच्या उत्तरावर उभी असते आणि सूक्ष्म चूक वाढत जाऊन शेवटी सीमारेषाच सरकते. म्हणून संशोधनात सॉफ्टवेअरचे नाव सांगून भागत नाही. ते ज्या प्रणालीवर चालले ती संपूर्ण प्रणाली गोठवून ठेवावी लागते. व्हर्च्युअल मशीन नेमके हेच करते. सगळी प्रणाली एका फाइलमध्ये बसते आणि ती फाइल दुसऱ्या संशोधकाला देता येते.

मेंदूच्या अशा संगणकीय अभ्यासाला इंदूरमध्ये चांगला आधार आहे.    मेंदूच्या संकेतांचे काम चालते ते २००९ साली सुरू झालेल्या आणि आता सिमरोलला असलेल्या आयआयटी इंदूरमध्ये. तिथले प्राध्यापक राम बिलास पचोरी यांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत संकेतांच्या विश्लेषणातले काम प्रसिद्ध आहे. वरुण बजाज यांच्यासह त्यांनी २०१२ मध्ये अपस्माराच्या झटक्याचे संकेत इतरांपासून वेगळे ओळखण्याची पद्धत मांडली. एम. तन्वीर यांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये अल्झायमरच्या निदानातील मशीन लर्निंगच्या पद्धतींचा विस्तृत आढावा घेतला.

बजाज आणि पचोरी यांनी वापरलेला डेटा जर्मनीतील बॉन विद्यापीठाने अभ्यासकांसाठी खुला केलेला होता. पाच गट, प्रत्येकात १०० नोंदी, प्रत्येक नोंद २३.६ सेकंदांची. एवढा डेटा साध्या लॅपटॉपवर सहज मावतो. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या घरी बसलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही तो घेऊन हे गणित स्वतः करून पाहता येते, आणि अशा विद्यार्थ्यासाठी व्हर्च्युअल मशीन ही सर्वांत सुरक्षित सुरुवात आहे.

उभारणीची सुरुवात तपासणीने करावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात सीपीयू उघडले, की व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद ते दिसते. बंद असल्यास संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन इंटेलसाठी व्हीटी-एक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम हा पर्याय चालू करावा लागतो. पुष्कळांची अडचण इथेच असते आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो.

मग मेमरीची वाटणी. होस्टच्या एकूण मेमरीच्या निम्म्याहून जास्त गेस्टला देऊ नये, नाहीतर दोन्ही अडखळतात. ईईजीच्या कामाला ४ जीबी पुरतात. फ्रीसर्फरसाठी गेस्टला निदान ८ जीबी हवेत, म्हणजे लॅपटॉप १६ जीबीचा हवा. डिस्क ‘डायनॅमिक’ ठेवली तर लागेल तशी वाढते, पण आतल्या फाइली पुसल्यावर आपोआप आकसत नाही. फ्रीसर्फर एका मेंदूमागे अनेक तास घेते आणि बऱ्याच फाइली मागे ठेवते, त्यामुळे १०० जीबीची मर्यादा ठेवणे शहाणपणाचे.

व्हर्च्युअलबॉक्स बसवल्यावर दोन वाटा असतात: तयार मशीनची ओव्हीए फाइल आयात करणे, किंवा डेबियनची आयएसओ फाइल घेऊन कोऱ्या मशीनवर प्रणाली चढवणे. शिकणाऱ्याने एकदा तरी दुसरी वाट धरावी. कोणता भाग कशासाठी आहे हे तिच्यामुळेच कळते. उतरवलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, प्रकाशित आकड्याशी जुळवून पाहायला विसरू नये. डेबियन चालू झाल्यावर न्यूरोडेबियनचे भांडार त्याच्या यादीत जोडले, की तिथली साधने एकेका आज्ञेने बसतात. फ्रीसर्फर वेगळे उतरवावे लागते आणि त्यासाठी ईमेल देऊन मोफत परवान्याची फाइल घ्यावी लागते. शेवटी गेस्ट ॲडिशन्स बसवावे. त्याने पडदा खिडकीच्या मापाचा होतो आणि होस्टवरचे सामायिक केलेले फोल्डर आतून दिसू लागते. हे फोल्डर उघडत नसेल, तर वापरकर्त्याचे नाव ‘व्हीबॉक्सएसएफ’ या गटात घातलेले नसते, हे त्याचे नेहमीचे कारण.

सगळे नीट चालते आहे असे दिसताच स्नॅपशॉट घ्यावा. पुढे एखादे अपडेट अंगाशी आले तर मशीन त्या क्षणाच्या स्थितीत परत नेता येते. प्रकल्प चालू असताना आपोआप होणारी अपडेट बंद ठेवणे हेही तितकेच आवश्यक, नाहीतर गोठवलेली प्रणाली नकळत बदलते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्क गेली की तोही जातो.

डेटाबाबत एक सावधगिरी कसोशीने पाळायला हवी. इस्पितळाच्या यंत्रातून येणाऱ्या डायकॉम फाइलमध्ये रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख असते. ती काढून टाकली तरी डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून चेहऱ्याचा भागही पुसावा लागतो. असा डेटा घरच्या मशीनवर आणूच नये. शिकण्यासाठी ओपनन्यूरोसारख्या खुल्या संग्रहांत, आधीच ओळख पुसलेला भरपूर डेटा उपलब्ध आहे.

या साधनाच्या मर्यादाही आहेत. व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्टला ग्राफिक्स कार्डाची गणनशक्ती वापरता येत नाही, त्यामुळे डीप लर्निंगसाठी ते निरुपयोगी ठरते आणि मेंदूची त्रिमितीय चित्रे फिरवताना अडखळते. एआरएम प्रोसेसरच्या नव्या मॅकवर इंटेलसाठी बांधलेले मशीन व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालत नाही. विंडोजवर आता लिनक्ससाठी डब्ल्यूएसएल ही अंगभूत सोय आहे. २०१३ साली आलेल्या डॉकरने रूढ केलेले कंटेनर तर पूर्ण प्रणालीऐवजी फक्त लागणाऱ्या लायब्ररी बांधून नेतात. एफएमआरआयप्रेप हे लोकप्रिय साधन तशाच रूपात वाटले जाते. कंटेनर हलके असतात, पण त्यांचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, होस्टचा असतो. काही वर्षांनी पडद्यासकट, कर्नलसकट तीच प्रणाली पुन्हा चालू करायची असेल, तर मशीन ओव्हीए स्वरूपात निर्यात करून ठेवावे आणि सोबत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये डेबियनची, प्रत्येक साधनाची व व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती, तसेच निर्यात केलेल्या फाइलचा चेकसम लिहून ठेवावा.