रेंज आली आणि तारली फेकायची थांबली

मंडळी, जाळं भरून आलं की तांडेलापुढे पहिला प्रश्न उभा राहतो: नाव कुठल्या किनाऱ्याला लावायची? एका ठिकाणी बोली चढत असते, तर दुसरीकडे तीच मासळी पडून राहते. आज आपण फोन काढतो आणि विचारून घेतो. ही सोय नव्हती तेव्हा किती नुकसान व्हायचं, याचा पक्का हिशेब आपल्याच अरबी समुद्राच्या काठावर, उत्तर केरळात, झालेला आहे.

रॉबर्ट जेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९६ ते २००१ या काळात कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड जिल्ह्यांतल्या १५ किनाऱ्यांवर दर आठवड्याला तारलीचे भाव आणि नावांची कमाई नोंदवून घेतली. तारली, म्हणजे तिकडची मत्ती. गरिबाच्या ताटातली मासळी.

फोन येण्याआधी नाव बहुतेक वेळा आपल्याच गावच्या किनाऱ्याला लागायची. इंधन जाळून दुसरीकडे गेलो आणि तिथंही गिऱ्हाईक नसलं तर? तोवर मासळी खराब. जानेवारी १९९७ मधल्या एका सकाळी वडकरा किनाऱ्यावर काही नावांना कुणी खरेदीदारच मिळाला नाही. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आत, शेजारच्या किनाऱ्यांवर, गिऱ्हाईक मासळीविना परत जायच्या बेतात होते. अशी दर दिवसाची ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची. मेहनत झालेली, इंधन जळलेलं, आणि माल पाण्यात.

मग मोबाईल आला. १९९७ मध्ये कोळिकोडला, १९९८ मध्ये कण्णूरला, २००० मध्ये कासरगोडला. टॉवर किनाऱ्याजवळ असल्याने २० ते २५ किलोमीटर आत दर्यातही रेंज मिळायची. फोन महाग, येणाऱ्या कॉललाही पैसे. तरी २००१ पर्यंत ६० टक्क्यांहून जास्त नावांवर फोन होता, कारण तो आपली किंमत स्वतःच वसूल करून देत होता. मासळी फेकणं जवळजवळ बंद झालं. नावांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला तारली ४ टक्के स्वस्त मिळाली. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांनाही थोडा फायदा झाला, कारण सगळ्या किनाऱ्यांवरचे भाव एकमेकांच्या जवळ आले.

हे सगळं नुसत्या बोलण्याच्या फोनवर झालं. आता फोनवर वाऱ्याचा अंदाज, लाटांची उंची, मासळी कुठं मिळेल त्याची सूचना, बँकेचे पैसे, सगळंच येतं. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था या सूचना मोफत देते. पण त्या पाहायला इंटरनेट परवडायला हवं. ट्रायच्या आकड्यांनुसार आपल्या देशात १ जीबी डेटा २०१४ मध्ये सुमारे २६९ रुपयांना पडायचा. २०१८ पर्यंत तो १२ रुपयांच्या आत आला. सगळीकडे असं झालेलं नाही. साधं इंटरनेट महिन्याच्या सरासरी उत्पन्नाच्या २ टक्क्यांपेक्षा महाग नसावं, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने ठेवलं. तरी २०२४ मधल्या अंदाजानुसार जगात सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटबाहेर होती, आणि त्यांतली बहुतेक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

मग आपलं काम झालं का? नाही. डेटा स्वस्त झाला, पण साधारण १०-१२ किलोमीटर आत गेलं की फोन मुका होतो. २०१७ च्या ओखी वादळात हेच घडलं. इशारा निघाला, पण खोल समुद्रातल्या नावांपर्यंत तो पोचलाच नाही आणि अनेक घरं उघडी पडली. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारे घेणारं ‘जेमिनी’ यंत्र आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला १ लाख नावांवर मोफत ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. यातून नावेवरूनही किनाऱ्याला निरोप धाडता येतो. म्हणजे फक्त ऐकायचं नाही, हाकही मारता येते.

दुसरी गोष्ट घरातली. काही घरांत फोन एकच असतो आणि तो नावेबरोबर जातो. मासळी विकायला बसणारी बाई मात्र भाव ऐकीव बातमीवरच ठरवते. केरळातला धडा सांगतो की भाव कळला तर पैसा वाचतो. मग तो विकणाऱ्या हाताला आधी कळायला नको?

बंदीच्या दिवसांत नाव वर ओढलेली असते, तेव्हा तीन कामं करा. तुमच्या वाटेवर रेंज कुठं तुटते ते टिपून सोसायटीत द्या. ट्रान्सपॉन्डरची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्यात करा. आणि घरातल्या बाईला हवामानाची सूचना फोनवर उघडायला शिकवा. दर्यात असलेल्याला वादळाची खबर द्यायला किनाऱ्यावर कुणीतरी जागं असावं लागतं.